कोंबडे झाकले तरी… : हवामानबदल नाकारण्याचा इतिहास आणि आपले कुवेत

१९३८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात अवघ्या आठवड्याभराच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. १६ फेब्रुवारीला लंडनच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे गाय कॅलेंडर या इंजिनियरचा एक निबंध मांडला गेला. कॅलेंडर हा काही हवामानशास्त्रज्ञ नव्हे; वाफेचे गुणधर्म हा त्याचा विषय. परंतु फावल्या वेळात त्याने जगभरच्या वेधशाळांतील तापमानाच्या नोंदी गोळा केल्या होत्या. कोळसा आणि तेल जाळून माणूस हवेत जो कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो आहे, त्यामुळे गेल्या पन्नास वर्षांत पृथ्वी किंचित तापली आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि त्यानंतर सहा-सात दिवसांतच कुवेत शहराच्या दक्षिणेला, बुरगानच्या वाळवंटात, कुवेत ऑइल कंपनीच्या विहिरीतून तेल उसळले.

पुढे युद्धामुळे त्या विहिरी काही वर्षे बंद ठेवाव्या लागल्या. ३० जून १९४६ रोजी कुवेतच्या तेलाचे पहिले जहाज परदेशी रवाना झाले. त्यानंतरचा इतिहास वाचकांना वेगळा सांगायला नको. मोती आणि खजूर यांच्या व्यापारावर जगणाऱ्या, मुंबईशी गलबतांनी जोडलेल्या आणि १९६१पर्यंत रुपयात व्यवहार करणाऱ्या या गावाचे आजचे कुवेत झाले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची चूल त्याच तेलावर, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, पेटते. म्हणूनच हवामानबदल नाकारण्याचा इतिहास आपण या गावी बसून वाचला पाहिजे, असे मला वाटते. त्या इतिहासात कुवेतचे नाव एकदा नव्हे, अनेकदा येते.

शंका वेगळी, नकार वेगळा

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. शंका घेणे हा विज्ञानाचा धर्मच आहे. कॅलेंडरच्या निबंधावर त्या दिवशी झालेल्या चर्चेत सर जॉर्ज सिम्पसन यांनी त्याच्यावर बरीच टीका केली. हे सिम्पसन म्हणजे ब्रिटिश हवामानखात्याचे प्रमुख. त्याआधी ते भारतीय हवामानखात्यात सिमल्याला नोकरीस होते. हवामानाचा अभ्यास नसलेल्या माणसाला वातावरणातील उष्णतेची गुंतागुंत सहजी उमजणार नाही, असा त्यांचा सूर होता. त्यांची शंका पुढे चुकीची ठरली, तरी ती प्रामाणिक होती. पुरावा अपुरा होता आणि ते तसे उघड सभेत म्हणाले.

पुरावा हळूहळू जमा झाला. या वायूमुळे उष्णता अडते हे आयर्लंडचा जॉन टिंडल याने १८५९ पासून प्रयोगांनी दाखवायला सुरुवात केली होती, आणि त्याच्याही आधी, १८५६ साली, अमेरिकेतील युनिस फूट या बाईंनी सूर्यप्रकाशात काचेच्या नळ्या ठेवून तसाच निष्कर्ष काढला होता. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनिअसने कागदावर गणित मांडले, की हवेतील हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. १९५८ साली चार्ल्स कीलिंग याने हवाई बेटातील मौना लोआ पर्वतावर रोजची मोजदाद सुरू केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ साली ते ४२० च्या वर गेले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने सांगितले, की वायू दुप्पट झाल्यास तापमान दीड ते साडेचार अंशांनी वाढेल. एवढ्या वर्षांनंतरही तो अंदाज फारसा हललेला नाही. शिमगा संपला तरी कवित्व उरते म्हणतात. पण येथे शास्त्रज्ञांमधला मुख्य वाद संपला आणि बाहेरचे कवित्व तेव्हा कुठे सुरू झाले.

सिगारेटवाल्यांचा धडा

नकाराची कला तेलवाल्यांनी शोधलेली नाही. ती सिगारेटवाल्यांकडून उसनी घेतलेली आहे. १९५३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बड्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमले. धूम्रपानाचा कर्करोगाशी असलेला संबंध उंदरांवरील प्रयोगांतून पुढे येत होता आणि विक्रीवर परिणाम होण्याची भीती होती. त्यांनी ठरवले ते असे : सिगारेट निर्धोक आहे हे सिद्ध करण्याच्या भानगडीत पडायचे नाही, 'अजून नक्की काही कळलेले नाही, आणखी संशोधन हवे' एवढेच सतत म्हणत राहायचे. पुढच्या महिन्यात चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत तशी जाहिरात झळकली. ही युक्ती त्यांना चार दशके पुरली.

तेल कंपन्यांना हवामानाचे गणित कळत नव्हते असे मुळीच नाही. एक्सॉन कंपनीच्या जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९७७ साली आपल्याच वरिष्ठांना हा धोका समजावून सांगितला होता. कंपनीने एका तेलवाहू जहाजावर उपकरणे बसवून मोजमापेही घेतली. १९७७ ते २००३ या काळात एक्सॉनच्या शास्त्रज्ञांनी केलेले तापमानवाढीचे अंदाज २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तपासले गेले, तेव्हा त्यांतील बहुतेक अचूक निघाले. म्हणजे घरात एक हिशेब आणि बाजारात दुसरा!

२३ जून १९८८ रोजी 'नासा'चे जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सांगितले, की तापमानवाढ सुरू झाली आहे. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या छत्राखाली आयपीसीसी ही आंतरशासकीय समिती स्थापन झाली. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये, तेल, कोळसा, मोटारी व रसायने या उद्योगांनी मिळून 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन' नावाची संघटना उभी केली. नाव ऐकून ही पर्यावरणवाद्यांची संस्था वाटावी. तिचे काम मात्र उत्सर्जनावर बंधन येऊ न देणे हे होते. या संघटनेच्याच शास्त्रीय सल्लागारांनी १९९५ साली अंतर्गत टिपणात लिहून दिले होते, की हरितगृह परिणामाचे मूळ शास्त्र नाकारता येण्याजोगे नाही. ते टिपण बाहेर यायला २००९ साल उजाडले. संघटना तर २००२ मध्येच गुंडाळली गेली होती.

या साऱ्या काळात नकाराने आपले म्हणणे पायरीपायरीने बदलले. पहिली पायरी : तापमान वाढतच नाही. दुसरी : वाढते, पण ते सूर्यामुळे, निसर्गतः. तिसरी : माणसामुळे वाढते खरे, पण ते फायद्याचेच आहे, १९९२ साली कोळसा व्यावसायिकांनी पुरस्कृत केलेल्या एका चित्रफितीत तर वाढत्या वायूमुळे पृथ्वी हिरवीगार होईल असे दाखवले होते. चौथी : नुकसान आहे, पण उपाय परवडणारा नाही. पाचवी : आता फार उशीर झाला, काय करणार? पाचही पायऱ्यांवरून उतरल्यावर आपण पोचतो एकाच ठिकाणी, म्हणजे काहीच न करण्याकडे.

काळा धूर आणि न दिसणारा वायू

या इतिहासातील एक प्रकरण खुद्द आपल्या डोक्यावरच्या आकाशात घडले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. दीड लाखाहून अधिक भारतीयांना येथून बाहेर पडावे लागले आणि अम्मानहून एअर इंडियाची विमाने ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या फेऱ्या करीत राहिली, हे ज्यांनी सोसले ते आजही आपल्यात आहेत. १९९१ च्या आरंभी पराभूत होऊन माघार घेताना इराकी सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवून दिल्या.

त्याआधीच, २२ जानेवारी १९९१ रोजी, अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात दोन शास्त्रज्ञ समोरासमोर आले. एक, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन. विहिरी पेटल्या तर धूर फार उंचावर जाऊन सूर्यप्रकाश अडवील आणि दक्षिण आशियातील पावसाळ्यावर, पर्यायाने शेतीवर, परिणाम होऊ शकेल अशी भीती त्यांनी व्यक्त केली. दुसरे फ्रेड सिंगर. धूर तीनेक हजार फुटांपर्यंत चढेल आणि थोड्याच दिवसांत पावसाबरोबर खाली येईल, असे त्यांचे म्हणणे पडले. हेच सिंगर पुढे तापमानवाढ नाकारणाऱ्यांचे एक प्रमुख प्रवक्ते झाले.

प्रत्यक्षात काय घडले? मे आणि जून १९९१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाचे पीटर हॉब्स आणि त्यांचे सहकारी यांनी उपकरणे लावलेली विमाने थेट त्या धुरातून नेली. धूर सिंगर म्हणाले त्यापेक्षा कितीतरी उंच गेला, पण सेगन यांना भीती होती तेवढा नाही. तो साधारण सहा किलोमीटरच्या खालीच राहिला आणि अपेक्षेपेक्षा लवकर धुऊन गेला. धुराखाली भर दुपारी अंधार पडला, आखातात तापमान अनेक अंशांनी उतरले, काळा पाऊस पडला. परंतु भारतातला पावसाळा काही बुडाला नाही. सेगन यांनी आपला अंदाज चुकल्याचे पुढे आपल्या पुस्तकात स्वतःच लिहिले. शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ रोजी विझली.

नकारवाद्यांच्या हाती मात्र या प्रसंगाने कोलीतच दिले. 'पाहा, हेच ते भविष्य सांगणारे शास्त्रज्ञ, आणि हेच आता पृथ्वी तापेल म्हणतात,' हा युक्तिवाद त्यानंतर कित्येक वर्षे फिरत राहिला. त्यात एक मेख आहे. धुराचा अंदाज चुकला हे विज्ञानानेच शोधून काढले, विमाने पाठवून, मोजून. आणि काजळी व कार्बन डायऑक्साइड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काजळी काही दिवसांत खाली बसते, तर या वायूचा मोठा हिस्सा शतकानुशतके हवेत राहतो.

वाचकांनी एक हिशेब करून पाहावा. त्या विहिरी ऐन भरात असताना दिवसाला चाळीस ते साठ लाख पिंपे तेल जळत होते. तो काळोख पाहून सारे जग हळहळले. पण त्याच दिवसांत उर्वरित जग आपल्या मोटारींत, कारखान्यांत आणि वीजकेंद्रांत रोज सुमारे साडेसहा कोटी पिंपे तेल जाळत होते, तेही दर दिवशी, विनातक्रार. आणि कोळसा आणखी वेगळा. त्याचा धूर डोळ्यांवर आला नाही म्हणून कोणी हळहळले नाही.

माद्रिदमधील तीन दिवस

कुवेत स्वतंत्र झाला, विहिरी विझल्या, आणि त्याच सुमारास हवामान कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या. १९९२ च्या रिओ परिषदेत मूळ करार झाला. तेलनिर्यातीवर अवलंबून असलेल्या देशांच्या अडचणींचा विचार व्हावा असे कलम त्यात घालून घेण्यात हे देश यशस्वी झाले. ही मागणी आपल्या जागी गैर नव्हती. पण दुसरी एक गोष्ट त्याहून दूरगामी ठरली. निर्णय मतदानाने कसा घ्यायचा याचा नियम १९९५ च्या बर्लिन परिषदेत मंजूर होऊ शकला नाही. तेलनिर्यातदार देशांची, विशेषतः सौदी अरेबियाची, त्याला हरकत होती. तो नियम आजवर मंजूर झालेला नाही. परिणामी प्रत्येक ठराव सर्वसंमतीने करावा लागतो आणि मूठभर देशांना तो अडवता येतो. गावकीच्या बैठकीत एकाने 'माझी संमती नाही' म्हटले की साऱ्या गावाचा रस्ता अडतो, तशातला हा प्रकार.

या परिषदांमध्ये डॉन पर्लमन नावाचे एक अमेरिकन वकील उद्योगांच्या वतीने सतत हजर असत. मार्गिकांमध्ये सौदी आणि कुवेती प्रतिनिधींना सल्ला देताना ते दिसत. जर्मनीच्या 'डेर श्पीगल' साप्ताहिकाने १९९५ साली त्यांच्यावर सविस्तर लिहिले होते. त्याच वर्षी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका सुनावणीच्या निमित्ताने असेही उघड झाले, की तिकडच्या एका संशयवादी शास्त्रज्ञाला मिळालेल्या निधीत कोळसा उद्योगाबरोबरच कुवेतमधून आलेल्या पैशांचाही वाटा होता. पैसे घेतले म्हणून मत खोटे ठरत नाही हे मान्य. पण पैसे कोणी दिले हे ऐकणाऱ्याला ठाऊक असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

मग आला १९९५ चा नोव्हेंबर. आयपीसीसीच्या दुसऱ्या अहवालाचा सारांश शब्दशः मंजूर करण्यासाठी २७ ते २९ तारखेला माद्रिदमध्ये शंभराच्या आसपास देशांचे प्रतिनिधी आणि शास्त्रज्ञ जमले. वादाचा विषय होता आठवे प्रकरण. तापमानवाढीत माणसाचा हात दिसतो काय, हा त्यातील प्रश्न. आणि त्याचे प्रमुख लेखक होते बेन सँटर हे तरुण शास्त्रज्ञ. सौदी अरेबिया आणि कुवेतच्या प्रतिनिधींनी या प्रकरणाच्या निष्कर्षांना जोरदार हरकत घेतली. केनियाच्या प्रतिनिधीलाही ते पटले नव्हते. तेव्हा एक छोटा गट बाजूला बसवून पुराव्यांची शहानिशा करायचे ठरले. केनियाचे गृहस्थ त्यात बसले, त्यांनी प्रश्न विचारले, आणि परत आल्यावर आपले समाधान झाल्याचे सभेत सांगितले. सौदी अरेबियाने त्या गटात माणूसच पाठवला नाही. शंका आणि नकार यांतला फरक याहून स्पष्ट कोणी दाखवू शकेल काय?

अखेर एका विशेषणावर बराच वेळ खल होऊन, पुराव्यांचा कल पाहता जागतिक हवामानावर मानवी प्रभाव ओळखू येण्याजोगा आहे, या अर्थाचे वाक्य मंजूर झाले. परंतु सँटर यांची सुटका झाली नाही. १९९६ च्या जूनमध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये फ्रेडरिक साइट्झ यांनी त्यांच्यावर अहवालात फेरफार केल्याचा आरोप केला. साइट्झ हे मोठे पदार्थविज्ञ होते. पण पूर्वी एका तंबाखू कंपनीचा संशोधन-निधी वाटण्याचे कामही त्यांनी केले होते. बदल हे समितीच्या नियमांनुसार, सभेत आलेल्या सूचनांवरून झाले होते, हे आयपीसीसीने स्पष्ट केले. तरी तो शिक्का पुसायला सँटर यांची वर्षे गेली. १९९७ च्या जुलैमध्ये अमेरिकन सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी क्योटो कराराच्या विरोधात कौल दिला, आणि २००१ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली.

कुवेतची बाजू

कुवेतला केवळ खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. एका मालावर पोट असलेल्या देशाची धास्ती आपण समजून घेतली पाहिजे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत जपानचे कृत्रिमरीत्या पिकवलेले मोती बाजारात आले, त्यातच जागतिक मंदी आली आणि आखातातील मोत्यांचा धंदा बसला. पाणबुडे आणि व्यापारी दोघेही देशोधडीला लागले. ज्या समाजाने हे एकदा पाहिले आहे, त्याला तेलाचे गिऱ्हाईक नाहीसे होण्याची भीती वाटणारच. शिवाय एकूण साठलेल्या वायूत युरोप-अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि तेल विकत घेणारेही बहुतांशी तेच होते. एक्सॉनसारख्या कंपन्यांना पर्याय होता. ४०-५० लाख वस्तीच्या वाळवंटी देशाला तो तितका सोपा नव्हता.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवायला हवी. कुवेतने १९७६ साली कायदा करून 'भावी पिढ्यांचा निधी' स्थापन केला आणि सरकारी उत्पन्नाचा दहा टक्के हिस्सा त्यात टाकण्याचे ठरवले. नातवंडांसाठी पैसा राखून ठेवणारी अशी व्यवस्था तेव्हा जगात फार थोड्या देशांनी केली होती. दूरचे पाहण्याची दृष्टी या देशाकडे होती. हवामानाच्या बाबतीत ती वापरली गेली नाही, याचीच खंत वाटते.

२०१८ साल या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात कुवेतमध्ये असा पाऊस कोसळला, की रस्ते वाहून गेले, भुयारी मार्ग पाण्याने भरले, विमानतळ बंद ठेवावा लागला आणि सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर महिनाही झाला नव्हता. ८ डिसेंबरला पोलंडमधील कातोवित्से येथील परिषदेत दीड अंश तापमानवाढीवरील आयपीसीसीच्या अहवालाचे 'स्वागत' करण्याचा ठराव आला. अमेरिका, सौदी अरेबिया, रशिया आणि कुवेत या चार देशांनी त्याला विरोध केला. अहवालाची फक्त 'नोंद' घ्यावी असे त्यांचे म्हणणे होते. सर्वसंमती नसल्यामुळे तो मजकूर त्या रात्री बारगळला. कोणा एका पावसाचे खापर थेट हवामानबदलावर फोडता येत नाही, हे खरे. पण पाणी ओसरते न ओसरते तोच त्या विषयावरच्या अहवालाचे स्वागतही नको, हे पाहून मन खट्टू होते.

त्यानंतर भाषा थोडी बदलली. २०१८ मध्ये कुवेतने पॅरिस करार मंजूर केलाच होता. २०२२ साली तेलक्षेत्रासाठी २०५० आणि देशासाठी २०६० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. मात्र २०२३ च्या डिसेंबरात, दुबईची परिषद चालू असतानाच, 'ओपेक'चे सरचिटणीस हैथम अल-घैस, जे स्वतः कुवेती आहेत, यांनी सदस्य देशांना पत्र लिहिले, की उत्सर्जनाऐवजी खनिज इंधनांना लक्ष्य करणारा कोणताही मजकूर नाकारा. अखेर खनिज इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख ठरावात आलाच. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही.

किंमत कोणी मोजली?

नकाराचा सर्वांत मोठा परिणाम म्हणजे गमावलेला वेळ. औद्योगिक क्रांतीपासून आजवर खनिज इंधनांमुळे जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, त्यातला निम्म्याहून अधिक १९९० नंतरचा आहे. म्हणजे इशारा मिळाल्यानंतरचा. कर्जाचे हप्ते वेळेवर सुरू केले तर ते सोसवतात, पंधरावीस वर्षे थकवले की घर विकायची पाळी येते. १९९५ मध्ये दरवर्षी थोडीथोडी कपात पुरली असती. आता तीच फार मोठी आणि फार झपाट्याने करावी लागणार आहे. २०२४ हे वर्ष औद्योगिकपूर्व काळाच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक उष्ण ठरले.

कुवेतपुरते बोलायचे तर २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेने २०१९ मध्ये तपासणीअंती ते आशियातील सर्वोच्च म्हणून मान्य केले. जुलै २०२० मध्ये कुवेतच्या उपसागरातील पाणी ३७.६ अंशांवर गेल्याची नोंद झाली. माणसाच्या अंगातील उष्णतेहूनही अधिक. उन्हाळ्यातील ऐन मागणीच्या वेळची बहुतांश वीज वातानुकूलनात जाते. जून २०२४ मध्ये तर या तेलसंपन्न देशात पाळीपाळीने वीज बंद ठेवण्याची वेळ आली. सूर्याची कमतरता नसलेल्या या भूमीत २०३० पर्यंत १५ टक्के वीज अपारंपरिक स्रोतांतून मिळवायचे ठरले होते; पण दिब्दिबा येथील मोठा सौरप्रकल्प २०२० मध्ये रद्द करण्यात आला.

आणि माणसे? बराक अल-अहमद या कुवेती संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील मृत्यूंच्या नोंदी तपासून २०२० मध्ये दाखवले, की अतितीव्र उन्हाच्या दिवसांत मृत्यूचा धोका सर्वांना सारखा वाढत नाही. कुवेती नसलेल्या पुरुषांमध्ये, काम करण्याच्या वयाच्या माणसांमध्ये, तो दुपटीपर्यंत आणि त्याहूनही अधिक वाढतो. ही माणसे कोण ते आपल्याला ठाऊक आहे. जलीबच्या खोल्यांतून पहाटे बसमध्ये बसणारी, रस्त्यावर डांबर टाकणारी, सळया बांधणारी. त्यांत आंध्र, केरळ, बिहार, बांगलादेश, इजिप्त इथली माणसे आहेत, आणि रत्नागिरी-रायगडकडचीही आहेत. हवामान परिषदांत यांच्या वतीने कोणी उभे राहत नाही.

गावाकडची स्थितीही फार वेगळी नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याला तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे बाष्प बरेचसे कारणीभूत आहे. त्याच समुद्रावर, ज्याच्या एका टोकाला आपण राहतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळीचे झाड पुन्हा उत्पन्नाला यायला वर्षे लागतात. वर्षभरातच 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेले, आणि जुलै २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये गाव दरडीखाली गेले. ज्यांच्या घरी येथून पैसे जातात, त्यांच्याच छपरांवर हे पाणी पडते आहे.

आपल्या बैठकीतला नकार

परिषदांमधील नकार दूरचा वाटतो. पण शुक्रवारच्या गप्पांतही तो भेटतो. 'कुवेतमध्ये उन्हाळा काय नवीन आहे?' हा त्याचा पहिला नमुना. उन्हाळा नवीन नाही, त्याची तीव्रता आणि लांबी नवीन आहे. आणि हे आठवणींवर नव्हे, नोंदींवर ठरते. दुसरा नमुना : 'हे सारे गोऱ्यांचे कारस्थान, आपल्या विकासाला खीळ घालण्यासाठी.' यात अर्धे सत्य आहे म्हणून तो जास्त फसवा. कोणी किती वायू सोडला याचा हिशेब न्यायाने व्हावा, हे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच ठणकावून मांडले. पण त्यांनी तापमानवाढ नाकारली नाही. ती खरी आहे म्हणूनच न्याय मागितला. न्यायाची मागणी आणि नकार यांची गल्लत होऊ देता कामा नये.

तिसरा नमुना शास्त्रज्ञांच्या चुका दाखवण्याचा. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे एक चुकीचे विधान आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात शिरले होते. डॉ. राजेंद्र पचौरी तेव्हा समितीचे अध्यक्ष होते. भारतीय भूशास्त्रज्ञ वि. कु. रैना यांच्या वेगळ्या निष्कर्षांची त्यांनी आधी संभावनाच केली. पण जानेवारी २०१० मध्ये समितीला चूक मान्य करावी लागली. ते योग्यच झाले. मात्र हजारो पानांतील एक विधान चुकले म्हणून हिमनद्या वितळण्याचे थांबल्या नाहीत. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, असे आपण म्हणतो ते यासाठीच.

आपण येथे पाहुणे आहोत. या देशाची धोरणे ठरवणे आपले काम नव्हे, आणि ज्या ताटात जेवतो त्याला नावे ठेवण्याचाही उद्देश नाही. परंतु आपल्या मंडळींत इंजिनियर आहेत, बांधकामावरचे अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत. १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करवून घेण्यास येथे कायद्याने बंदी आहे. ही बंदी दिनदर्शिकेवर ठरते, तापमापकावर नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातले ऊन काही तारीख पाहून कमी होत नाही. कामाचे वेळापत्रक ज्यांच्या सहीने ठरते, त्यांनी १ सप्टेंबरला सही करण्यापूर्वी बाहेर सावली आणि पाणी आहे की नाही एवढे जातीने पाहिले, तरी काही घरांवरचा प्रसंग टळेल. डॉक्टरांनी उन्हाने आजारी पडलेल्या कामगाराच्या कागदावर 'ऊन' हा शब्द स्पष्ट लिहावा. नोंदच नसेल तर पुढचा अभ्यासक मोजणार काय? आणि शिक्षकांनी मुलांना कीलिंगचा तो चढता आलेख एकदा फळ्यावर काढून दाखवावा. आपल्या मुलांपैकी बरीच पुढे याच तेलउद्योगात नोकरीला लागतील. १९७७ साली जेम्स ब्लॅकने वरिष्ठांना खरे सांगितले, तसे सांगण्याची वेळ त्यांच्यावर येईल, तेव्हा त्यांना शास्त्र ठाऊक असलेले बरे.